कानाचा मिस्त्री

माझा थोरला भाऊ लोकांच्या गॅरेजात आणि तळघरात काँक्रीटचा कोबा घालायचा. हे काम पुष्कळ जण करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण दादा कोबा ऐकायचाही. जुन्या कोब्यावर नवा थर चढवायचा असला, की खालचं काँक्रीट जागेवर घट्ट आहे का, हे आधी बघावं लागतं. आतून सुटलेला एखादा तुकडा तसाच राहिला तर गाडीच्या वजनाखाली वर्षभरात फुटतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. दादा एक जाड लोखंडी साखळी जमिनीवरून ओढत चालायचा. घट्ट जागी ती खणखणीत वाजते, पोकळ जागी तिचा आवाज बसका होतो. मला हा फरक कळायला दोन वर्षं लागली. दादाला तो दुसऱ्या खोलीत उभं राहूनही कळायचा. लोक त्याला कानाचा मिस्त्री म्हणायचे आणि दुसऱ्यांनी घातलेले कोबे तपासायलासुद्धा बोलवायचे. याच जोरावर तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

मी या धंद्यात आले ती नवरा घर सोडून गेला तेव्हा. चाळिशी आली होती, हातात काही नव्हतं, आणि मी आठवडाभर अंथरुणात पडून होते. दादा सकाळी व्हॅन घेऊन दारात आला.

"ठमे, ऊठ. रडायचंच असलं तर कामावर येऊन रड. धुळीत कुणाला कळत नाही."

लहानपणी मी गुबगुबीत होते म्हणून ठमी. आता पन्नाशी उलटली, गालफडं बसली, तरी त्याच्या लेखी मी ठमीच. त्या दिवसापासून धूळ ओढायची, भेगा भरायच्या आणि कोब्यावर द्यायचा दोन डब्यांचा रंग एकत्र कालवायचा, ही कामं माझ्याकडे आली. रंग एकदा कालवला की अर्ध्या तासात पसरायचा, नाहीतर डब्यातच दगड होतो. या रंगाच्या वेळी दादा भूकंप झाला तरी हलला नसता, असं मी त्याला चिडवायचे.

कान त्याचे त्यानंच घालवले. काँक्रीटच्या वरच्या अंगाला एक कच्चा पापुद्रा असतो, तो मशीननं घासून काढावा लागतो. बंद तळघरात ते मशीन चाललं की दात हलतात. मी पहिल्या दिवसापासून कानांवर टोपणं घालत आले. दादानं कधी घातली नाहीत.

"मशीन कच्च्यावर चाललंय का पक्क्यावर, ते आवाजावरनं कळतं. कान झाकून काय नाकानं ऐकू?"

मी भांडले, टोपणं त्याच्या डब्यात घालून ठेवली, शेवटी हात टेकले. ज्या कानांचा त्याला एवढा अभिमान होता, ते त्यानं त्याच कामात पंचवीस वर्षं जाळले. मला अजून याचा राग येतो. माणूस गेला की राग जातो म्हणतात, पण हा माणूस तर समोर बसलेला आहे.

सहा वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांच्या गॅरेजात मला पहिल्यांदा कळलं. दादा साखळी ओढत खिडकीखालून गेला. तिथला आवाज इतका बसका होता की दारात पडलेल्या त्यांच्या कुत्र्यानंही मान वर केली. दादा पुढं गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "सगळं घट्ट आहे. उद्यापासून घासायला घेतो."

डॉक्टर शेजारीच उभे होते. मी चालत गेले आणि त्या जागेवर पाय ठेवून उभी राहिले. दादानं माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा चेहरा उतरला. तो परत आला, वाकला, दोनदा साखळी आपटली आणि खडूनं माझ्या बुटांभोवती गोल काढला.

"हे राहिलंच होतं बघा," तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली. मिस्त्रीचा कान काय तिखट आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

परतताना व्हॅन एका सिग्नलला थांबल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "घरी बोलू नकोस. कुणाजवळच बोलू नकोस. हे कळलं तर मला उद्या कोण बोलावणार आहे?"

"डॉक्टरला तर दाखव."

"दाखवतो."

त्यानं दाखवलं नाही आणि मी बोलले नाही. तेव्हा जवळचं बोलणं त्याला अजून कळायचं, पुढं हळूहळू तेही गेलं. मला वाटलं, मी त्याला सांभाळते आहे. त्यानं मला अंथरुणातून उठवलं होतं, आता माझी पाळी. तेव्हापासून मी साखळीच्या पुढं दोन पावलं चालायचे आणि पोकळ वाजलं की थांबायचे. सहा वर्षांत आमची एक चूक झाली नाही. लोक वाहवा करत राहिले आणि आम्ही दोघं चोरासारखे खूश होत राहिलो.

घरी मात्र पुढं चालायला मी नव्हते.

वहिनी बडबडी बाई. भाजी चिरताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, तिला उत्तर मिळालं नाही तरी चालायचं, पण हुंकार लागायचा. दादा आधीपासून कमीच बोलायचा, आता तो हुंकारही बंद झाला. टीव्हीसमोर बसायचा, मागून काही विचारलं तर वळायचा नाही. लोकांत असला की योग्य जागी मान हलवायची, "हो, हो, खरंय" म्हणायचं, एवढं त्यानं छान बसवलं होतं. पण तीस वर्षं संसार केलेल्या बायकोसमोर रोज नाटक कोण करणार? तिच्यासमोर तो नुसता गप्प असायचा.

एकदा मी गेले तर वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. डोळे सुजलेले.

"वन्सं, खरं सांगा. माझं काही चुकलंय का?"

"तुझं काय चुकणार?"

"मग हे बोलत का नाहीत? मुलगा परगावी गेल्यापासून मी भिंतीशी बोलते. काल म्हटलं, छातीत दुखतंय. वळूनसुद्धा बघितलं नाही. नको झालेय का मी त्यांना?"

एक वाक्य सांगायचं होतं. वहिनी, त्याला ऐकू येत नाही. हसली असती, रडली असती, कान धरून डॉक्टरकडं घेऊन गेली असती. पण मी "तुला माहीत आहे ना त्याचा स्वभाव," एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला उठले. त्या चहाची मला आज शरम वाटते.

वहिनी पडली त्या दिवशी मी तापानं माझ्या घरी होते. कामावर सुट्टी होती, म्हणून दादानं स्वतःच्याच घराचं गॅरेज कामाला काढलं होतं. लोकांचे कोबे आरशासारखे करणाऱ्या माणसाच्या घरचा कोबा वीस वर्षं फुटका होता. वहिनी त्यावरून कायम टोमणे मारायची. अलीकडं तिनं टोमणेही बंद केले होते, आणि ते मात्र दादाला जाणवलं होतं. आदल्या आठवड्यात मला म्हणाला, "तिचं गॅरेज करून टाकू. खूश होईल." भेगा भरून, घासून झालं होतं. त्या सकाळी दार उघडं टाकून तो थोडा थोडा रंग कालवत रोलर फिरवत होता. या कामाला आवाज नसतो.

वहिनी वर न्हाणीघरात घसरली. डोक्याला मार बसला, खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. दादा अकराच्या सुमारास रंग संपवून, हात पुसून, तिला दाखवायला बोलवावं म्हणून वर गेला तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन तास तरी झाले असतील.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दादा फॉर्म भरायला गेला तेव्हा मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "वहिनी, तो बहिरा झालाय. सहा वर्षं झाली. तू नको नाही झालेलीस गं त्याला." दोनदा सांगितलं. तिच्यापर्यंत पोचलं का, कुणास ठाऊक. संध्याकाळी ती गेली.

पाचव्या-सहाव्या दिवशी समोरच्या घरातली बाई भेटायला आली. परगावाहून आलेला भाचा बाहेर गेला होता. दादा खुर्चीत बसला होता, मी पलंगावर. ती बाई बसली, पदराशी चाळा करत राहिली आणि मग एकदम बोलायला लागली.

"मला झोप नाही हो. मी ऐकलं होतं. त्यांच्या न्हाणीघराची खिडकी माझ्या ओट्यासमोर येते. अहो, अहो करून हाका मारत होत्या. सात-आठ वेळा तरी. समोर बघितलं तर तुम्ही गॅरेजात, दार उघडं. म्हटलं, हे आहेत ना घरात, जातील. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडा."

दादा तिच्या तोंडाकडं बघत होता. ती थांबली तशी त्यानं मान हलवली.

"हो, हो. खरंय."

ती बाई दचकली. "म्हणजे? तुम्हीही ऐकलं होतं?"

"हो तर," दादा नेहमीच्या समजूतदार आवाजात म्हणाला. "काय करणार? आपल्या हातात काय असतं?"

त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. खुनी माणसाकडं बघावं तसं ती त्याच्याकडं बघत होती. तिनं पर्स उचलली आणि ती उठली. उद्यापर्यंत ही गोष्ट सगळ्या गल्लीत गेली असती, परवा भाच्याच्या कानावर.

"थांबा," मी म्हणाले. "त्याला ऐकू येत नाही. काहीच नाही. तुम्ही आत्ता काय बोललात तेही त्याला कळलेलं नाही."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

ती परत खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "आणि तुम्हाला माहीत होतं? अहो, एवढं एक मला कुणी सांगितलं असतं, तर मी भाजी टाकून पळत आले असते हो. चार पावलांवर तर घर."

ती तोंडात पदर घालून रडायला लागली.

दादा तिच्याकडं बघत होता, माझ्याकडं बघत होता. हे रडणं मान हलवून निभावण्यातलं नाही, हे त्याला कळलं असावं. तो खुर्चीतून पुढं सरकला आणि त्यानं माझा हात धरला.

"ठमे, काय म्हणतायत त्या? हिच्याबद्दल काही आहे का?"

मी मान खाली घातली. त्यानं माझा हात हलवून परत विचारलं.