बिनधुराची शेगडी आणि बामणोदची वांगी

सासरे पहिल्यांदा कतारला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत दहा किलो वांगी आणि पऱ्हाट्यांची एक मोळी होती. वांगी जळगावकडची, बामणोदची, हिरवट पांढरी, खास भरताची. पऱ्हाट्या म्हणजे वेचणी झाल्यावर शेतात उरलेली कपाशीची वाळकी झाडं. त्यांच्या जाळावर भाजलेलं तेवढंच भरीत, बाकीची भाजी, असं आमच्या सासरी लहान मुलालाही माहीत असतं.

मी विमानतळाबाहेर उभी होते. सासऱ्यांच्या फोनवरून कस्टमच्या बाई बोलल्या.

"मॅडम, तुमच्या सासऱ्यांच्या बॅगेत काटक्या आहेत. कशासाठी?"

"वांगी भाजायला."

मग अगदी काळजीने त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी गॅस नाही का?"

गॅस खरंच नव्हता. आमच्या अबू हमूरच्या कंपाउंडमध्ये सगळ्या घरांना विजेच्या काचेच्या शेगड्या आहेत. पण ते सांगून उपयोग झाला नाही. काटक्यांत कीड असू शकते म्हणून त्यांनी त्या ठेवून घेतल्या आणि वांगी जाऊ दिली. सासरे ट्रॉली ढकलत बाहेर आले आणि नमस्कार करायच्या आधीच म्हणाले, "वांगी सोडली, काड्या धरल्या. उलटं केलं असतं तर मला समजलं तरी असतं."

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं नव्हतं. दर हिवाळ्यात त्यांच्या शेतात भरताचा बेत व्हायचा. पन्नासएक माणसं जेवायची. सासरे भाजायचे, सासूबाई ठेचायच्या, अशी वाटणी होती. यंदा शेतात काही करावंसं त्यांना वाटलं नाही. मग एक दिवस त्यांनी फोनवर सांगितलं, "तिकडेच करतो. तुम्ही चौघं खा." चौघं म्हणजे ते, आम्ही दोघं आणि आमची दहा वर्षांची मुलगी. मी त्या वेळी नुसतं "हो, या ना" म्हटलं. जाळाचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही काचेच्या शेगडीवर एक वांगं ठेवून पाहिलं. ते भाजलं नाही, नुसतं घामेजलं. दुसरं ओव्हनमध्ये ठेवलं, ते फुटलं. सासऱ्यांनी ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं आणि दवाखान्यात कुणाला भेटून आल्यासारखं तोंड करून बाहेर जाऊन बसले.

"आजोबा, इट्स ओके, वी कॅन जस्ट ऑर्डर बैंगन भरता," मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत येतात.

सासऱ्यांना यातला शेवटचा शब्द तेवढा कळला. ते म्हणाले, "भरता नाही बेटा. भरीत."

मागच्या अंगणात जाळ करावा तर कंपाउंडच्या फाटकावर मोठी पाटी होती. आदल्या वर्षी कुणाच्या तरी बार्बेक्यूचा धूर शेजाऱ्यांच्या एसीत शिरला होता, तेव्हापासून कंपाउंडमध्ये धूर करायला सक्त मनाई होती. माझ्या नवऱ्याने ती पाटी फाटकाशी गाडी थांबवून दोनदा वाचली.

"धूर म्हटलंय," तो म्हणाला. "जाळ म्हटलेलं नाही."

इथे नवऱ्याचं काम सांगायला हवं. तो गॅसच्या प्रकल्पात इंजिनिअर आहे आणि तिथली उंच चिमणीवरची ज्वाला धूर न सोडता जळते की नाही हे पाहणं त्याच्याकडे आहे. ज्वालेत काळी रेघ दिसली की त्याला फोन येतो. पंधरा वर्षं त्याने हेच केलं आहे. म्हणून धूर न होता जाळ करायचा, हे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर लग्नात नव्हतं तेवढं तेज आलं.

आम्ही शेगडी शोधायला निघालो. इंडस्ट्रियल एरियात एका पठाण लोहाराकडे वाळवंटातल्या तंबूत ठेवायच्या पत्र्याच्या शेगड्या होत्या. त्याने एक पेटवून दाखवली आणि आम्ही तिघंही खोकत बाहेर आलो. "एकदम फर्स्ट क्लास," तो आतून ओरडला. तो आम्हाला दिसत नव्हता. दुसऱ्या दुकानात बॅटरीवर पंखा फिरणारी शेगडी होती. तिला धूर अजिबात नव्हता, पण ती जेमतेम चहाच्या कपाएवढी होती. सासऱ्यांनी खिशातून वांगं काढून तिच्यावर धरलं. हत्तीला स्टुलावर बसवल्यासारखं दिसलं. ते खिशात वांगं घेऊन फिरत होते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी अल रय्यानमधल्या एका इंग्रज गृहस्थांचा पत्ता दिला. ते निवृत्त होऊन मायदेशी निघाले होते. कतारला येताना कंपनीने त्यांचं घरसामान बांधून पाठवायला माणसं लावली होती. ती इतकी मन लावून काम करणारी निघाली की भिंतीतली शेगडीही त्यांनी उखडून कंटेनरमध्ये भरली. बिडाची, काळीभोर, काचेच्या दाराची. लाकूड चालतं, कोळसा चालतो, भुशाच्या विटाही चालतात. जिथे उन्हाळ्यात नळाचं थंड पाणीही गरम येतं, अशा गावात ती सात वर्षं दिवाणखान्यात उभी होती. तिच्यावर त्यांनी मनी प्लांट ठेवला होता.

"फुकट घेऊन जा," ते म्हणाले, "पण ती कशासाठी हवी आहे ते मला कळायला हवं."

नवऱ्याने वांग्यांचं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आमची मुलाखत घेतली. घरात कुणाला दमा आहे का? चिमणीचा पाइप किती उंच लावाल? ओलं लाकूड जाळणार नाही ना? त्यांनी लाकडातला ओलावा मोजायचं दोन टोच्यांचं यंत्रही आणून दाखवलं. सासऱ्यांनी ते हातात घेऊन वांग्यात खुपसलं आणि आकडा मला वाचायला लावला. नवरा आणि ते गृहस्थ खालची हवा, वरची हवा, धूर बाहेर पडायच्या आत पुन्हा कसा जळतो, यावर तासभर बोलले. निघताना त्यांनी शेगडीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक कागद दिला. इंग्लंडात धूरबंदी असलेल्या भागांतसुद्धा ही शेगडी वापरायला परवानगी आहे, असं त्यावर छापलं होतं.

तो कागद घेऊन आम्ही कंपाउंडच्या मॅनेजरकडे गेलो. हे सुदानी गृहस्थ अत्यंत सभ्य. त्यांना कागद फार आवडायचे. त्यांनी तो तीनदा वाचला, त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सवर शिक्का मारला आणि म्हणाले, "शेगडीला परवानगी आहे."

"शुक्रन," नवरा म्हणाला.

"पेटवायला नाही."

"मग परवानगी कशाला?"

"ठेवायला," ते समजावत म्हणाले. "शेगडी ठेवायची परवानगी वेगळी, पेटवायची वेगळी. पेटवायची हवी असेल तर धूर होत नाही हे मला पाहावं लागेल. शुक्रवारी सकाळी, इन्शाल्ला."

शेगडी गाडीतून उतरवायला सहा माणसं लागली. अंगणात फरशीवर विटा मांडून ती उभी केली, पाइप जोडला, बाभळीची सुकी लाकडं आणली. वांग्यांचा फ्रिजमधला आठवा दिवस होता. काहींच्या देठांवर सुरकुत्या आल्या होत्या. सासरे रोज सकाळी फ्रिज उघडून एकेक दाबून बघत.

शुक्रवारी मॅनेजर एका सेफ्टीवाल्याला घेऊन आले. त्याने खोलीच्या छताला लावतात ती धूर ओळखणारी पांढरी डबी झाडूच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून आणली होती. नवऱ्याने शेगडी पेटवली. पाच मिनिटांत काचेमागे सोनेरी ज्वाळा नाचायला लागल्या. सेफ्टीवाल्याने दांडा उंच करून डबी चिमणीपाशी धरली. डबी गप्प. दहा मिनिटं झाली तरी गप्प. नवऱ्याने छाती पुढे काढली.

मॅनेजर मात्र अस्वस्थ झाले. "पण ही खरंच पेटली आहे का?"

"समोर जाळ दिसतोय की!"

"हल्ली विजेच्या शेगड्यांतही असा जाळ दिसतो. माझ्या बहिणीकडे आहे." त्यांनी काचेला बोट लावलं, हात झटकला आणि बोट चोखत वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं. 'धूर आढळला नाही. आग असावी.'

मग सासऱ्यांनी वांगी आत ठेवायला शेगडीचं दार उघडलं. दारातून हातभर धूर बाहेर आला आणि डबी किंचाळायला लागली. शेजारच्या खिडक्या उघडल्या. सेफ्टीवाला दांडा घेऊन अंगणभर पळाला, पण डबी दांड्याच्या टोकाला असल्याने ती त्याच्याबरोबरच पळत होती. सासऱ्यांनी घाईघाईने सहा वांगी आत टाकून दार लावलं. डबी थांबली.

मॅनेजरांनी नियम तिथल्या तिथे केला. शेगडी पेटवायला हरकत नाही. पेटलेली असताना दार उघडायचं नाही.

"पण आत वांगी आहेत," मी म्हटलं.

"विझल्यावर काढा," ते म्हणाले आणि वहीत तशी नोंद केली.

आम्ही चौघं अंगणात खुर्च्या टाकून काचेतून वांग्यांकडे बघत बसलो. पहिल्या दहा मिनिटांत ती उत्तम भाजली. "आता काढायला पाहिजेत," सासरे म्हणाले. विसाव्या मिनिटाला ते उठून आत गेले. त्यांच्याने ते बघवेना. तासाभराने जाळ विझला तेव्हा आत सहा काळी बोटं उरली होती.

पुढची वांगी आम्ही शेगडी पुन्हा पेटवून तिच्या माथ्यावर ठेवली. ती सावकाश, चारी बाजूंनी छान भाजली. सोलून, मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून मी ती ठेचली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"याच्यात धूरच नाही पोरी. भरताला वास असतो तो धुराचा. तुमची शेगडी तर सगळा धूर आतल्या आत खाऊन टाकते. मग वांग्याला काय राहिलं?"

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आठ-दहा दिवस आम्ही दोह्याभर हिंडून, सहा माणसं लावून, जिच्यातून वांग्यापर्यंत धूर पोचणार नाही अशी कतारमधली सर्वोत्तम शेगडी शोधून आणली होती. मला हसू आवरेना. नवरा रागावला, मग तोही हसायला लागला, आणि शेवटी सासरे. सासूबाई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत ते म्हणाले, "तिला सांगितलं असतं ना, तिने मला वेड्यात काढलं असतं."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. कंपाउंडचे मालक आले होते, सत्तरीचे कतारी गृहस्थ. मॅनेजरांच्या अहवालात 'आग असावी' वाचून ते स्वतः बघायला आले होते. शेगडीभोवती ते दोन फेऱ्या फिरले, दार उघडझाप करून पाहिलं आणि मग टेबलावरचं भरीत त्यांना दिसलं. त्यांनी चमचाभर घेतलं. तोंडात घोळवलं. भुवया आकसल्या.

"धूर नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

नवऱ्याने ते सासऱ्यांना मराठीत सांगितलं. सासरे ताडकन उठले आणि त्यांनी मालकांचे दोन्ही हात धरले.

त्यांच्या घरीही वांगी भाजतात, तिळाचा लगदा आणि लिंबू घालतात, आणि धुराशिवाय ती त्यांच्या आईने पानावर वाढली नसती, असं मालकांनी सांगितलं. शेगडी मात्र त्यांना आवडली. वाळवंटात त्यांचा हिवाळ्याचा तंबू होता आणि त्यातल्या शेगडीच्या धुराने त्यांच्या बायकोचे डोळे चुरचुरत. त्यांनी शेगडी मागितली. आम्ही एका श्वासात होकार दिला. उरलेली वांगी घेऊन तंबूवर या, असं त्यांनी आम्हालाही सांगितलं. "यल्ला, उद्याच. नाहीतर वांगी मरतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेगडी तंबूत बसली आणि मालकीणबाई तिच्यापाशी उशीला टेकून आरामात चहा पीत बसल्या. बाहेर वाळूवर थेट जाळ करायचा नसतो, म्हणून मालकांनी पायांची लोखंडी परात आणवली. तिच्यात खजुराच्या वाळक्या झावळ्या टाकून सासऱ्यांनी जाळ केला. धूर असा उठला की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. त्या धुरात दोन म्हातारे काठ्यांनी वांगी फिरवत होते आणि एकमेकांवर ओरडत होते, एक अरबीत, एक खानदेशी मराठीत. वांगं केव्हा उलटायचं यावर त्यांचं भांडण होतं. हे कळायला दुभाषी लागला नाही.

वांगी सोलून झाल्यावर सासऱ्यांनी मी हात पुढे करायच्या आत त्यांचं पातेलं आपल्याकडे ओढलं. ठेचायला काही नव्हतं. मालकांनी भात ढवळायचा मोठा लाकडी चमचा दिला. सासरे मांडी घालून बसले आणि हळूहळू ठेचू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच ते ठेचत होते. मिरच्या एका बाजूला जास्त झाल्या, मीठ कमी पडलं. अर्ध्यात तीळ आणि लिंबू घातलं, अर्ध्यात शेंगदाणे आणि कांद्याची पात. मालकांनी आमच्यातलं दोनदा घेतलं आणि मिरचीने डोळ्यांत पाणी आल्यावर धुराला दोष दिला. मुलीने पोळीत गुंडाळून खाल्लं आणि आणखी मागितलं.

सासरे नंतर दोन महिने राहिले. दर शुक्रवारी मालकांची गाडी येई आणि ते वाळवंटात जात. तिथे काय बोलत कुणास ठाऊक. फेब्रुवारीत परत जाताना त्यांच्या बॅगेत खजूर होते आणि तिळाच्या लगद्याच्या चार बाटल्या. मुंबईला कस्टमवाल्यांनी त्या का म्हणून विचारलं. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, शेतात भरताचा बेत ठेवलाय, तेव्हा लागतील.