पितळी हातोडी

"घर असं बांधावं, की मोडणाऱ्याला घाम फुटला पाहिजे," मावशी एकदा म्हणाली होती. तेव्हा तिच्या हातात लाटणं होतं आणि खालच्या ओठाला तीन टाके.

बोलत होती ती बिस्किटाच्या घराबद्दल. दर नाताळला ती एक घर करायची. आलं, दालचिनी आणि काकवी घातलेल्या बिस्किटाच्या भिंती, आयसिंगचा बर्फ, खिडक्यांना वितळवलेल्या साखरेच्या काचा. चांगलं हातभर लांब. बाकीचं असायचंच: तीन आठवडे रममध्ये भिजलेल्या मनुका नि संत्र्याच्या सालींचा केक, तारेचं झाड, पुठ्ठ्याच्या चांदण्या. पण घर मधोमध, आणि ते मोडण्यासाठीच केलेलं.

बावीस वर्षं ती पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होती. पातं खाली येतं, पुठ्ठा कापतं, वर जातं. त्या मधल्या क्षणात हात घालायचा आणि काढायचा. एकदा नव्या आलेल्या बाईचा हात आतच राहिला. मावशीनं खोक्यांच्या ढिगातून तिचं बोट शोधलं, रुमालात बांधलं, तिला दवाखान्यात पोचवलं आणि परत येऊन उरलेली पाळी पूर्ण केली. "बोट सापडलं, पण उलटं धरलं होतं मी," असं ती नंतर सांगायची आणि हसायची. आम्हाला हसू यायचं नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझे काका, पाडकामाच्या टोळीचा मुकादम. जुन्या इमारती पाडायच्या. माणूस बुटका, गोड बोलणारा. रस्त्यात भेटला तर हातातली पिशवी काढून घेईल. भिंत पाडायच्या आधी तो तिला बोटांच्या पेरांनी ठोकायचा, डॉक्टर पाठ ठोकतात तसा. कान लावायचा. मग एका जागी खडूनं फुली मारायचा आणि घण उचलायचा. "एका घावात," असं म्हणायचा, आणि भिंत खरंच एका घावात बसायची. टोळीतली माणसं टाळ्या वाजवायची. घरातही त्याची तीच पद्धत होती. आधी ठोकून बघायचा. कुठे पोकळ वाजतं ते त्याला पक्कं कळायचं.

मावशीच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यानं ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर लावला होता. कशावरून, ते तिला नंतर आठवेना. बोटं वाकडी जुळली. आयसिंगचा कागदी कोन त्या वाकड्या बोटांत नेमका बसायचा. "बघ, साच्यातून काढल्यासारखी झालीत," ती म्हणायची. "उपकारच म्हणायचे."

एकदा ती निघून आमच्याकडे आली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. आईनं दाराला दोन्ही कड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाहेरून पेरांचा आवाज आला. टक, टक, टक. दार वरून खालपर्यंत ठोकलं गेलं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग चौकटीसकट दार आत आलं आणि त्याच्या मागून काका आले. घण भिंतीला टेकवून ठेवला, कपाळ पुसलं.

"ताई, पाणी देता का जरा?" आईला म्हणाले.

आईनं दिलं. पेला रिकामा होईपर्यंत मावशीनं चपला घातल्या होत्या. जाताना काका मला म्हणाले, अगदी प्रेमानं, "दारं पाडणं माझा धंदाच आहे गं. कुठंही असू दे."

त्यानंतर मावशी कुठे गेली नाही.

बिस्किटाचं घर मोडायची रीत मात्र तिचीच. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला तिनं बाजारातून एक पितळी हातोडी आणली, वीतभर लांब, लाकडी दांड्याची. गंमत म्हणून. पाडकामवाल्याच्या घरी केक कापायचा तर घर पण पाडूया, अशी कल्पना. काकांना ती इतकी आवडली की पुढे नाताळ म्हणजे तेच झालं. टोळीतली माणसं जेवायला यायची. काका त्या घराला पेरांनी ठोकायचे, कान लावायचे, सगळे हसायचे. मग एक घाव. छप्पर, भिंती, काचा, सगळं टेबलभर. तीन आठवड्यांचं काम. टाळ्या. मावशीही टाळ्या वाजवायची.

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी मदतीला गेले होते. मी आता नोकरीला लागून वेगळ्या खोलीत राहत होते. मावशीच्या ओव्हनमध्ये संत्र्याच्या चकत्या वाळत होत्या. पीठ मळून कापडाखाली ठेवलेलं होतं. तिच्या सासूबाई खुर्चीत बसून मनुका निवडत होत्या आणि चारातली एक तोंडात टाकत होत्या. मावशीची मुलगी बारकी, सोळा वर्षांची, शिडीवर उभी राहून चांदण्या टांगत होती. सगळ्या एका रेषेत याव्यात म्हणून तिनं बापाचा ओळंबा घेतला होता. दोरीला गोंद लागला होता.

काका आंघोळीला म्हणून आत आले. वर पाहिलं. कोपऱ्यात त्यांची पाणसळ उभी होती, जड लाकडाची, मधे काचेची नळी. त्यांनी ती उचलली आणि फेकली. ठोकून बघितलं नाही, काही नाही. ती बारकीच्या डाव्या कानावर बसली. बारकी शिडीवरून पिठाच्या परातीवर आली. नळी फुटून हिरवं पाणी तिच्या मानेवरून ओघळत होतं आणि त्यात लाल मिसळत होतं.

"तिला सांग," काका मावशीला म्हणाले, "माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही." आणि आंघोळीला गेले. आतून बादलीचा आवाज येऊ लागला.

सासूबाईंनी मनुका निवडणं थांबवलं नाही. फक्त खाणं थांबवलं.

मावशीनं स्वच्छ फडकं कानावर दाबून धरलं. बारकी रडत नव्हती. "आई, तू बोलतेयस का?" तिनं विचारलं. "या बाजूनं येत नाहीये काही."

मावशी काहीच बोलत नव्हती. आजवर जे पडलं ते तिच्या अंगावर पडलं होतं. त्याची तिनं घरात जागा ठरवून ठेवली होती, जसं जड सामान ठेवतात. आज ते तिथून सरकलं होतं.

मी दोघींना दवाखान्यात नेलं. पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले, कसं झालं? "शिडीवरून पडली," मावशी म्हणाली. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं मला विचारलं, "तुझ्या खोलीत दुसरी खाट मावेल?"

"तीन मावतील. आत्ताच चल. घरी जाऊच नकोस."

"आणि उद्या तो आला की?"

"माझं दार लोखंडी आहे."

"तुझं दार खोकं आहे गं. सगळ्यांचीच खोकी आहेत." ती आपली वाकडी बोटं चोळत होती. "तो एकटा नसतो ना येत. ती टाळी वाजवणारी माणसं असतात त्याच्या डोक्यात. आधी त्याचा घाव मोडायला हवा. त्यांच्यासमोर."

"म्हणजे काय करणार?"

"नाताळ करणार," मावशी म्हणाली.

घरी जाऊन तिनं मळलेलं पीठ कचऱ्यात टाकलं आणि नवं मळलं. सोडा घातला नाही. लोणी निम्मं. पीठ दीडपट. मी परात धरून बसले होते. शेवटी शेवटी तिला त्यावर गुडघा टेकवून मळावं लागलं. भिंती एकदा भाजल्या, थंड केल्या, मंद आचेवर पुन्हा भाजल्या. सासूबाईंनी कडेचा एक तुकडा तोंडात घातला आणि तोंडातून काढून बघितला.

"अगं, हे बिस्किट आहे की फरशी? माझे चार दात आहेत तेवढे राहू देत की!"

"यंदा जरा कडक झालंय, सासूबाई."

"जरा?"

पण खरं काम आत होतं. कारखान्यात काचेच्या बाटल्यांची खोकी व्हायची. त्यांत आडव्या-उभ्या पट्ट्या घालतात, खाचेत खाच बसवून, म्हणजे ट्रक आपटला तरी बाटल्या फुटत नाहीत. "लोकांना वाटतं खोकं बाहेरच्या भिंतींवर उभं असतं," मावशी म्हणाली. तिनं बिस्किटाच्या पट्ट्या कापल्या, त्यांना खाचा पाडल्या आणि घराच्या आत छपरापर्यंत त्यांचं जाळं उभं केलं. सांध्यांत उकळता साखरेचा पाक ओतला. तो तिच्या मनगटावर सांडला, तिथेच कडक झाला. तिनं तो सोलून काढला, कातडीसकट, आणि पुढची खाच भरली. वरून छप्पर बसलं, बर्फ पडला, काचा लागल्या. दिसायला दरवर्षीपेक्षा सुंदर.

ते सगळे दिवस बारकी आणि तिचा बाप यांच्यामध्ये मावशी उभी राहिली. स्वयंपाकघरात, जिन्यात, बाथरूमच्या दाराशी. मी प्रत्येक रविवारी गेले तेव्हा तिच्या मानेवर, दंडावर त्याचा हिशेब दिसत होता. ती त्यावर पीठ लावायची. पावडर संपलीय म्हणायची.

नाताळच्या दुपारी टोळी आली. वेल्डर, क्रेनचा ड्रायव्हर, आणखी चौघं. माणसं वाईट नव्हती. बारकीसाठी त्यांनी रिबिनी आणल्या होत्या. कानाचा बोळा बघून ड्रायव्हर म्हणाला, "काय गं, बापाचं घोरणं ऐकवत नाही का?" सगळे हसले. काकाही हसले.

जेवणं झाली, केक झाला. मग काकांनी हातोडी मागितली आणि सगळे टेबलाभोवती उभे राहिले. काकांनी पेरांनी छप्पर ठोकलं. कान लावला. भिंत ठोकली. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. सगळीकडे सारखंच वाजत होतं, भरीव, जमिनीसारखं. पाडकामवाल्यानं तिथेच हात मागे घ्यायला हवा होता. पण सहा माणसं बघत होती.

"एका घावात," काका म्हणाले.

हातोडी छपराच्या कण्यावर पडली आणि वर उडाली. थोडा बर्फ सांडला.

"हं," वेल्डर म्हणाला. "पाया पक्का दिसतोय."

दुसरा घाव. एक खिडकी फुटली. तिसऱ्याला हातोडी निसटून टेबलावर पडली.

"क्रेन आणू का, मुकादम?" ड्रायव्हर म्हणाला, आणि हसण्याचा स्फोट झाला. इतकी वर्षं त्या खोलीत ते लोक काकांबरोबर हसत होते. आज पहिल्यांदा काकांना हसले. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "मी सांगत होते, फरशी आहे म्हणून!"

काकांचा चेहरा आधी पांढरा झाला. ते बाहेर गेले आणि घण घेऊन आले. हसणं थांबायला थोडा वेळ लागला. घण वर गेला आणि खाली आला. टेबलाचे दोन पाय मोडले, बशा, पेले, केकचं ताट, सगळं जमिनीवर. साखरेच्या काचा बंदुकीच्या गोळ्यांसारख्या उडाल्या आणि एक काकांच्या भुवईत रुतून बसली. घर खाली पडलं. एक भिंत गेली होती. आतल्या पट्ट्या आता दिसत होत्या, चौकटीत चौकट, आणि त्यांच्यावर छप्पर जागच्या जागी होतं.

काकांनी पुन्हा उचलला. पुन्हा. कपाळावर घाम होता, डोळ्यात रक्त उतरत होतं. पाचव्या घावाला छप्पर फुटलं. कुणी टाळी वाजवली नाही. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता.

"मुकादम," वेल्डर हळूच म्हणाला, "पुरे आता. पोरांचा खेळ तो."

तेव्हा बारकी हसली. उपहासानं नाही, भीतीनं असेल. एका कानानं स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते तिला कळत नव्हतं. काका वळले. घण खांद्यापर्यंत गेला. वेल्डर ओरडला, कुणीतरी माझा दंड पकडला, कुणीही जागचं हललं नाही.

मावशी हलली. जमिनीवरून तिनं पितळी हातोडी उचलली आणि लेकीच्या पुढे आली. मी तिच्या हाताकडे बघत होते. पातं वर जातं आणि खाली येतं त्या मधल्या क्षणात बावीस वर्षं हात घातलेली बाई होती ती. तिनं काकांच्या मनगटावर मारलं, हाड जिथे वर येतं नेमकं तिथे. ओल्या लाकडासारखा आवाज झाला. घण त्यांच्याच पायावर पडला आणि ते बिस्किटाच्या चुऱ्यात बसले. हात उलट्या बाजूला लोंबत होता. तोंड उघडं होतं, पण आवाज यायला वेळ लागला.

एकच घाव. ते सगळ्यांनी बघितलं.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाय आखडून घेतले, वाट मोकळी होईल एवढे.

मावशीनं हातोडी एप्रनला पुसली आणि खुर्चीवर ठेवली. एप्रन काढून तिच्यावर घडी करून ठेवला. दारामागे एक खोकं होतं, कारखान्याचं, दोरीनं बांधलेलं. ते मी आत येताना पाहिलं होतं आणि त्यात चांदण्या असतील असं समजले होते. ते तिनं काखेत मारलं. बारकीच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या बाजूला जाऊन तिचा हात धरला.

"अगं ए," खालून काका म्हणाले. "मी येईन. माहितीये ना, दार..."

वेल्डरनं त्यांच्या हाताकडे बघितलं, मग टोळीतल्या बाकीच्यांकडे. सहाही माणसं बाजूला झाली.

मावशी त्यांच्या मधून, काचा चुकवत बाहेर पडली.