पोर्ट ऑफ स्पेनमधली खरड छाटणी

पोर्ट ऑफ स्पेनला मी उतरले तेव्हा तिथला कोरडा हंगाम संपत आला होता. लेकीने फोनवर आधीच सांगितलं होतं, "आई, चुकीच्या वेळेला येतेयस, सगळं वाळलंय." मी म्हटलं, मे महिन्यात दिंडोरी तालुक्यात तरी दुसरं काय बघते मी? पण विमानतळावरून गाडी शहराकडे निघाली आणि समोर डोंगर आला. आपल्यासारखाच तपकिरी, जागोजाग वणव्याने काळा पडलेला, आणि त्यावर पिवळीजर्द झाडं. अंगावर पान म्हणून एक नाही, नुसती फुलं. मी गाडी कडेला घ्यायला लावली. लेक संकोचली, मागच्याने हॉर्न वाजवला, पण मी काच खाली करून बघतच बसले. साठी उलटलेल्या बाईने तोंड उघडं टाकून झाडाकडे बघितलं तर कुणाचं काय जातं?

पुई म्हणतात त्या झाडाला. शहराच्या मधोमध सव्हाना नावाचं अफाट मैदान आहे, त्याच्या कडेनेही ही झाडं आहेत. लेक कामावर गेली की मी तिकडे जायचे. मैदानातलं गवत पार करपलेलं, शहाळीवाल्यांच्या गाड्या लागलेल्या, आणि झाडाखाली पिवळा सडा. ऑफिसला निघालेल्या बायका उंच टाचांचे बूट सांभाळत त्या सड्याला वळसा घालून जायच्या. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. ते पाहून मला भरून यायचं. एवढं मोठं शहर आणि गळलेल्या फुलावर पाय नको म्हणून वाट बदलतं.

लेकीचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. खाली घरमालक एकटाच राहायचा, ऐंशीच्या घरातला. त्याच्या पणजोबांना बिहारकडून बोटीने उसाच्या मळ्यावर आणलेलं. भाषा गेली, थोडे शब्द उरले. भाजी ही भाजीच राहिली आणि आजोबा आजाच राहिले. सगळी गल्ली त्याला आजा म्हणायची. आमचं बोलणं माझ्या मोडक्या इंग्रजीत चालायचं, अडलं की लेकीच्या मदतीने.

पुईबद्दल मला त्यानेच सांगितलं. फुलं दोन-चार दिवसांत गळतात, मग पुन्हा येतात, पुन्हा गळतात. तिसऱ्यांदा आली की पाऊस जवळ आला समजायचं. "पाणी मिळत नाही म्हणून फुलतं ते," तो म्हणाला. मी मान डोलावली. एवढं कळूनही पुढे जे केलं, त्याची लाज अजून वाटते.

मागच्या अंगणात त्याचा एक द्राक्षवेल होता. व्हेनेझुएलाहून कुणीतरी आणलेली काडी त्याच्या बायकोने लावली होती. वीस वर्षं झाली, लोखंडी मांडव पानांनी गच्च भरला, पण घड एकही नाही. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन मांडवाखाली जायची आणि आज तरी काही आलंय का बघायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता कप घेऊन आजा जायचा.

"कापला नाही का कधी?" मी विचारलं.

"कापायचा? कशाला?"

माझे हात शिवशिवले. तीस वर्षं मी माझ्या द्राक्षबागेत मजुरांच्या बरोबरीने छाटणी करत आले आहे. कात्री तर बॅगेतच होती, पापड आणि गोड्या मसाल्याच्या मध्ये. लेक म्हणाली, "अगं, लोक परदेशात कॅमेरा नेतात."

आमच्याकडे वेलीला वर्षातून दोनदा कापतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे सगळ्या काड्या बुडाशी एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून उडवायच्या. मग नवीन काडी तयार होते, तिच्या डोळ्यात उन्हाने घड धरतो, आणि ऑक्टोबरमध्ये ती काडी लांब ठेवून नुसता शेंडा मारला की फळ बाहेर येतं. मे उजाडलेला, म्हणजे खरड. मला विचार करायची गरजच वाटली नाही. पाणी कधी दिलं, एवढं मात्र सवयीने विचारलं. आजा म्हणाला, तीन महिने नळालाच पाणी कमी, वेलीला कुठून देणार? ते मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

दिवसभरात मांडव उघडा केला. शेवटी एक काडी राहिली. ती मांडव सोडून स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली होती आणि जुन्या फुलाफुलांच्या कापडाच्या चिंधीने गजाला बांधलेली होती. मी कात्री लावणार तोच आजा मध्ये आला. "ही नको. ही तिने बांधली आहे."

"बाबा, एका काडीनं काय होनार हाय? वेल एकसारखा दिसाया पायजे," मी मराठीतच म्हणाले. त्याला शब्द कळले नाहीत, पण गाठीवरचा हात त्याने काढला नाही. मग उपकार केल्यासारखा मी त्या काडीचा नुसता शेंडा मारला.

"किती आठवड्यांत द्राक्षं येतील?" त्याने विचारलं.

मी हसले. आता काडी तयार होईल, ऑक्टोबरात पुन्हा कापायचा, म्हणजे फेब्रुवारीत द्राक्षं. तो बरं म्हणाला आणि पडलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधायला लागला.

संध्याकाळी लेकीने सांगितलं की आजा ऑक्टोबरमध्ये मुलाकडे कॅनडाला चाललाय, कायमचा. घर विकायला काढलंय.

"मंग मला आधी का नाय सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे? तू कात्री घेऊनच खाली उतरलीस."

पुढचे दिवस वाईट गेले. सकाळी वरून बघावं तर बोडका मांडव, आणि त्याखाली कप घेऊन उभा म्हातारा. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट एकदा केळीच्या पानात आंब्याचं लोणचं पाठवलं. ते मी सगळं लेकीलाच वाढलं.

दहा-बारा दिवसांनी वेल फुटला. कापलेल्या बुडख्यांवर सगळीकडे पालवी आली, अगदी माझ्या हिशेबाप्रमाणे नुसती पानं. खिडकीवरच्या काडीवर तीन फुटवे होते. आणखी आठवडाभराने मी त्यांची पानं बाजूला केली. चौथ्या पानासमोर घड होता. बाजरीच्या दाण्यांपेक्षा बारीक कळ्यांचा, हिरवा, पण घडच. दुसऱ्या फुटव्यावर आणखी एक.

मी आमच्या ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "तिकडं तीन महिने पाणी नाय, ऊन सणसणीत. वेलीच्या लेखी तो ऑक्टोबरच झाला की. काडीत घडाचा माल तयार व्हता. तू कॅलेंडर बघून कापलं." मग लय वेळ हसत राहिले.

मला हसू आलं नाही. पाणी तोडलं की झाड फळावर येतं, हे मला तीस वर्षं माहीत. अख्खा डोंगर तेच पिवळ्याने लिहून माझ्यासमोर उभा होता, मी गाडी थांबवून बघितला होता, आणि खाली येऊन वीस वर्षांचा भरलेला वेल उडवला होता. मांडवावरचे सगळे घड त्या मोळ्यांत गेले होते. वाचले ते फक्त एका गाठीने.

आजाला बोलावून मी सगळं सांगितलं. चूक माझी, तुमची काडी बरोबर होती, असंही सांगितलं. लेकीने इंग्रजी केलं. त्याने चष्मा पुसला आणि घडाकडे इतका वेळ पाहिलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. मग आतून खुर्ची आणली, खिडकीखाली ठेवली आणि मला बसायला सांगितलं. स्वतः उभा राहिला. त्याच दिवशी सव्हानाच्या कडेची पुई तिसऱ्यांदा फुलली होती.

मी घरी परतल्यावर सप्टेंबरात लेकीने फोटो पाठवला. काळपट द्राक्षांचे दोन घड, वर ती चिंधी. एक आजाने खाल्ला, आंबट होता म्हणे. दुसरा गल्लीत वाटला. ऑक्टोबरमध्ये आमची फळछाटणी चालू असताना तिचा फोन आला. आजा गेला कॅनडाला. घर घेणाऱ्यांना त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, वेलीला कात्री लावायच्या आधी भारतात एका बाईला विचारा. आणि नंबर लिहून दिला.

"कुणाचा गं?" मी विचारलं.

"तुझाच," लेक म्हणाली.

मी बांधावर उभी होते, हातात तीच कात्री होती. मजूर बाई ओरडून विचारत होती, ताई, पुढची ओळ घेऊ का? मी म्हटलं, थांब, आधी काडी बघू दे.