एक रिंग म्हणजे ठीक

प्रज्ञाला थांबता येत नाही. चहा उकळायच्या आत ती दोनदा झाकण उचलून बघते. मंचरच्या ज्या दवाखान्यात ती संगणकाचं काम सांभाळते, तिथले लोक तिला सेकंदकाटा म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी तिची आई गावी, बेल्ह्याला, बांधावर पडली आणि चार तास कुणाला कळलं नाही; कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून वडील, भागुजी, रोज दुपारी एकला प्रज्ञाला मिस कॉल देतात. एक रिंग म्हणजे ठीक. उचलायचा नाही.

दवाखान्यातही तिने तसंच काहीसं बसवलं होतं. एक्स-रे दोन सर्व्हरवर राहतात. एक मुख्य इमारतीत, दुसरा रस्त्यापलीकडे. दुसरा पहिल्याला सारखा विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही की पहिला बंद पडला असं धरून तो सगळं काम स्वतःकडे घेतो. किती वेळाने विचारायचं आणि किती उत्तरं चुकली की बंद धरायचं, हे प्रज्ञाने ठरवायचं होतं. तिने ठरवलं, दर दोन सेकंदांनी, आणि एकच चुकलं तरी.

गेल्या आठवड्यात मधली केबल क्षणभर हलली. पहिला चालूच होता, तरी दुसऱ्याने काम हाती घेतलं. दोघंही आपणच मालक समजून साठवत राहिले. एकाच पेशंटचा हात एका सर्व्हरवर, छाती दुसऱ्यावर. निस्तरायला दोन दिवस गेले. "सोमवारी चारला चाचणी घेऊ," दवाखान्याच्या प्रमुख नूतन मॅडम म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर काम पुण्याच्या कंपनीला द्यावं लागेल. मग तुझी जागा मला ठेवता येणार नाही."

सोमवारी एक वाजला. फोन वाजला नाही.

एक वाजून एक मिनिटाने तिने स्वतः लावला. लागेना. तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या गेणभाऊंना लावला.

"गेणभाऊ, आबा कुठं आहेत बघता का जरा?"

"अगं, बाजार हाय आज! लई गर्दी, तुझ्या बापाच्या कार्डाला रेंजच मिळंना. माझं येगळं हाय म्हणून लागला. माझ्याम्होरं भजी खातोय बघ. बोल."

"काय गं?" भागुजींचा आवाज आला. "एक डाव वाजला न्हाई की मेलो व्हय मी? मागं तर आख्खी आळी धाडली व्हतीस. आज नुसतं गेणाला इचारलंस. सुधारलीस!"

मागे गेणभाऊ हसत होते. प्रज्ञाला हसू आलं नाही. ती तशीच सर्व्हरच्या खोलीत गेली. सर्व्हरसोबत आलेल्या पुस्तिकेत तिसऱ्या, छोट्या यंत्राचं पान होतं. त्याला साक्षीदार म्हणतात. तो वेगळ्या वाटेने पहिल्याची चौकशी करतो, आणि त्यालाही उत्तर मिळालं नाही तरच दुसऱ्याने हात घालायचा. वेळ खातो म्हणून तिने ते पान सोडलं होतं. आता तिने कोपऱ्यातला एक जुना संगणक साक्षीदार म्हणून जोडला. विचारणा पाच सेकंदांनी, आणि सलग सहा चुकल्यावरच निर्णय.

चार वाजता तंत्रज्ञ रुपेशने आधी नुसती मधली केबल काढली. दहा सेकंदांनी परत लावली. काही झालं नाही, तेच हवं होतं. मग त्याने पहिला सर्व्हर बंद केला.

मॅडमच्या पडद्यावर एक्स-रेऐवजी नुसतं वर्तुळ फिरत राहिलं.

"किती वेळ?"

"अर्धं मिनिट."

बारा. तेरा. वाट न बघता काम दुसऱ्या सर्व्हरवर टाकायचं बटण प्रज्ञाच्या बोटाखाली होतं. एकोणीसला खिशातला फोन एकदा वाजून थांबला. लगेच परत वाजला. दोन रिंगचं काही ठरलेलं नव्हतं. चोवीस. तिने हात बटणावरून उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. अठ्ठावीस. एकोणतीस.

एकतिसाव्या सेकंदाला कुणाचा तरी गुडघा पडद्यावर उमटला.

"आला की," मॅडम म्हणाल्या. "राहू दे असंच. तूही राहा."

बाहेर येऊन तिने पहिला फोन बेल्ह्याला लावला. "आबा, दोन कशाला?"

"येक दुपारचा, ऱ्हायलेला. दुसरा तुझ्यासाठी. चारला तुझं कायतरी व्हतं ना?"

"झालं. ठीक आहे."

"मंग नुसती रिंग द्यायची. उचलाय का लावतीस?"