जत्रेपुरती चेन

आमच्या विट्याकडं पोरगं जरा मोठं झालं की गलाईच्या दुकानात जायचं. म्हणजे पार मद्रासकडं, सोनं गाळायला. माझा दादा आठवीतनं गेला. वर्गात पहिला यायचा हो तो! पण तिकडंच गलाईचं दुकान असलेला मामा आला आणि म्हणाला, "शिकून काय मामलेदार हुतोय व्हय?" झालं, शाळा सुटली.

ॲसिडच्या धुरात काही वर्षं काढून दादा परत आला तो खोकला घेऊन. साताऱ्याला एका कारखान्यात वॉचमन पाहिजे म्हणून गेला. गेटवरचा रिटायर फौजी भला माणूस होता. त्यानं विचारलं, "धाव्वी झालीया का?" नाही म्हटल्यावर त्यानंही बिचाऱ्यानं हात जोडले. घरी आल्यावर दादा जेवलाच नाही. आमच्या धाकट्या भावाला जवळ बसवून एवढंच म्हणाला, "तू शाळा सोडू नगंस. कायबी हुंदे, धाव्वी कर." धाकटा सातवीत होता आणि मामाचा त्याच्यावर डोळा होता.

तेवढ्यात जत्रा आली. गलाईवाला जत्रेत अंगावर सोनं नसताना फिरला की गाव म्हणतं, ह्याचं दिवाळं वाजलं. त्यात आईला दादाचं लग्न जमवायचं होतं. मामानं स्वतःची चेन त्याच्या गळ्यात घातली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काढ ती! खोकला झाकतोय व्हय तिनं?"

"गप बस. चार लोकांत इज्जत हाय माजी," दादा म्हणाला.

पालखीपुढं तो गुलालात छाती काढून नाचला. धाकटा सगळा वेळ त्या चेनीकडं बघत होता. जत्रा उठली तेव्हा त्यानं आपली पिशवी भरली.

स्टँडवर दादानं त्याचा हात धरला. "आरं, ती चेन माजी न्हाई रं. मामाची हाय, जत्रेपुरती."

धाकटा हसला. "मला शाळंत डांबायला बोलतूयास तू." हात सोडवून तो मामाच्या मागं गाडीत चढला. मी तिथंच मामाला शिव्या घातल्या, पण ऐकतंय कोण?

पुढच्या जत्रेला धाकटा आला. गळ्यात तीच चेन होती. शेजारीण आपल्या पोराला म्हणाली, "बग, कसा दिसतोय! न्हाईतर तू." धाकटा तिच्याकडं बघून हसला आणि मग तोंडावर रुमाल धरून खोकत बसला.