चाळीस घरांचं गरम पाणी : फुजैराचे दोन दिवस

फुजैराला जायचं आमचं बरेच दिवस चाललं होतं, पण निघालो ते २००९च्या जानेवारीत, आणि तेही कामासाठी. माझा नवरा शिरीष दुबईत एका काँट्रॅक्टरकडे डिस्ट्रिक्ट कूलिंगचे प्लांट उभारायचा. म्हणजे प्रत्येक घरात वेगळा एसी न लावता एकाच ठिकाणी पाणी गार करायचं आणि पाइपांतून ते सगळ्या टॉवर्सना पुरवायचं. मंदी आली तेव्हा त्याचा प्लांट तयार होता आणि टॉवर तिसऱ्या मजल्यावर थांबले होते. डिसेंबरात कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर पाठवलं. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि मग महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. सई, आमची मुलगी, तेव्हा चौथीत होती.

अशात विनायकचा फोन आला. हा शिरीषचा पुण्याचा कॉलेजमित्र, फुजैरात एका कंपनीच्या स्टाफ कॉलनीचा मेंटेनन्स बघणारा. कॉलनीत चाळीस बैठी घरं, आणि सगळ्यांना गरम पाणी एकाच बॉयलर हाउसमधून. बॉयलर आता थकला होता.

"नवा बसवायचा की घरोघर गीझर द्यायचे, ते मॅनेजमेंटला ठरवायचंय. तू बघून सांग," विनायक म्हणाला. "आणि नवा बॉयलर ठरला तर तो चालवायला इंजिनीयर लागेल. मी तुझं नाव घातलंय."

शुक्रवारी सकाळी नाश्त्याआधीच बर दुबईतून निघालो. शुक्रवारी निघण्याचा फायदा म्हणजे सुटीचा वार असल्याने शारजाची ट्रॅफिक लागत नाही. सरळ धैदच्या रस्त्याला न लागता आम्ही उम्म अल कुवैनचा वळसा घेतला, कारण सईला तिथल्या खाडीतले फ्लेमिंगो बघायचे होते. फ्लेमिंगो दिसले, पण फार लांब. "मॉम, दे आर जस्ट पिंक डॉट्स," असं म्हणून सई गाडीत जाऊन बसली. रस्त्याकडेच्या कॅफेटेरियात कडक चहा मिळाला. एक दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे तेरा रुपये. डब्यातल्या दशम्या आणि तो चहा, एवढ्यावर सकाळ छान निघाली.

फलज अल मुअल्ला आणि धैद मागे टाकलं की वाळू तांबडी होत जाते आणि मग एकदम डोंगर सुरू होतात. मसाफीच्या बाजारात थांबाच. गालिचे, कुंड्या आणि फळांच्या दुकानांची रांग आहे, आणि भाजलेलं कणीस मिळतं. भाव मात्र पहिला सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. पुढच्या घाटात खडी भरलेले ट्रक असतात, तेव्हा हा रस्ता उजेडातच करावा. शिरीष गप्प गाडी चालवत होता. महिनाभर तो असाच होता.

घाट उतरला आणि समुद्र दिसला. क्षितिजावर नांगर टाकून उभी असलेली जहाजं मोजता येईनात.

विनायकची बायको अंजली दारातच उभी होती. जेवायला सुरमई, सोलकढी आणि गरम भात. त्यांचं घर कॉलनीच्या शेवटच्या रांगेत. हात धुवायला मी गरम पाण्याचा नळ सोडला, तर गारच पाणी येत राहिलं.

"थांबावं लागतं," अंजली हसून म्हणाली. "सकाळी आधी दोन बादल्या झाडांना घालायच्या, मग आंघोळ. माझी जास्वंद त्यामुळेच फुललीय."

दुपारी आम्ही सगळेच बॉयलर हाउसकडे चालत निघालो. वाटेत लक्षात आलं की मधल्या रांगांतल्या बऱ्याच घरांना पडदेच नाहीत. मंदीत माणसं कमी केली, कुटुंबं परत गेली. बॉयलर हाउसमध्ये मात्र शिरीषचा चेहरा उजळला. तो पाइपांवर हात ठेवत, वाकून बघत, विनायकला विचारत फिरत होता. मी त्याला इतक्या दिवसांत प्रथमच शर्टाच्या बाह्या दुमडताना पाहिलं.

बॉयलरला लागून असलेल्या रांगेत शबाना आपा राहत. हैदराबादच्या, शाळेत शिक्षिका. घरात सासू, दोन मुली आणि तीन महिन्यांचा नातू. गीझरचं ऐकल्यावर त्या नाराज झाल्या.

"मायके में गीझर है भाईसाब," त्या शिरीषला म्हणाल्या. "दो लोग नहाए, तीसरे के लिए ठंडा. यहाँ चाहे जितने नहा लो, चाहे जब. ये मत छीनो."

शिरीष त्यांच्या नळाखाली हात धरून उभा राहिला. पाणी तत्काळ गरम आलं.

परतताना त्याने मला समजावलं. जमिनीखालच्या पाइपांतून गरम पाणी सतत फिरत असतं, घरात माणूस असो वा नसो, आणि वाटेत उष्णता गळत राहते. घरं एकमेकांना लागून आणि भरलेली असतील तर एक मोठा बॉयलर गीझरांपेक्षा चांगला, कारण देखभाल एकाच ठिकाणी होते. इथे मात्र अर्धं डिझेल रिकाम्या घरांखालची माती तापवत होतं. शिवाय उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटका देतं. आमच्याकडे बर दुबईत तर मे महिन्यापासून आम्ही गीझर बंद करतो आणि त्यात साठलेलं पाणीच त्यातल्या त्यात गार म्हणून वापरतो. इथला बॉयलर मात्र तेव्हाही चालूच.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेलो. मॅनेजरची भेट अकराला होती.

"नवा बॉयलर सांगितलास तर कोणी चूक म्हणेल का?" मी विचारलं.

"नाही. चूक म्हणणारं इथे कोणीच नाही."

"मग?"

"मग दोन वर्षांनी डिझेलची बिलं विनायकच्या गळ्यात पडतील," तो म्हणाला. "आणि अंजली बादल्या ओततच राहील."

 म्हणजे ही नोकरी हातची जाणार होती, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मॅनेजर वयस्क लेबनीज गृहस्थ होते. शिरीषने त्यांना कागदावर कॉलनी काढून दाखवली. बॉयलरजवळच्या, भरलेल्या तीन रांगांना एक लहान बॉयलर. लांबच्या घरांना गीझर, आणि तेही माणसं राहायला आली की मगच. मध्ये पुरलेले पाइप बंद.

"मग पूर्णवेळ इंजिनीयर?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"लागणार नाही," शिरीष म्हणाला. विनायकने खिडकीबाहेर पाहिलं.

"इन्शाल्ला, कळवतो," मॅनेजर म्हणाले आणि शिरीषचा हात बराच वेळ हातात धरला.

अंजलीने वाटेसाठी लाडू बांधून दिले आणि आम्ही दुपारी निघालो. रविवारी सईची शाळा होती; इथे आठवडा रविवारीच सुरू होतो.

मंगळवारी विनायकचा फोन आला. आराखडा मंजूर झाला होता. कायमची नोकरी नव्हतीच, पण हे सगळं बदलून द्यायचं पाच महिन्यांचं काम त्यांनी शिरीषलाच दिलं, व्हिसासकट. सईचं वर्ष इथेच पूर्ण झालं. त्या पाच महिन्यांत आम्ही दर शुक्रवारी तोच रस्ता केला. पुढे त्याला दुबईत आधीच वस्ती असलेल्या इमारतींच्या कूलिंग प्लांटवर काम मिळालं. पगार पहिल्यापेक्षा कमी, पण दर महिन्याला.

लोक विचारतात, फुजैरात बघण्यासारखं काय आहे? किल्ला आहे, जुनी मशीद आहे, खोर फक्कानचा किनारा तर सुंदरच. मला मात्र आठवतो तो त्या शनिवारचा परतीचा रस्ता. नोकरी हातची घालवून आलेला माझा नवरा मसाफीच्या चढावर एकाएकी बोलायला लागला. उष्णता पाइपातून कशी गळते, जाड वेष्टन का लागतं, थंड देशांत अख्खी शहरं अशी कशी ऊबदार ठेवतात, सगळं तो सईला सांगत होता. ती धैदच्या आधीच झोपली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तो सांगत राहिला आणि घरी पोहोचून गाडी लावेपर्यंत मी हुंकार देत राहिले.