वलांडीची जागा

माझं अक्षर सुरेख होतं आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात आमच्या गावाने नव्या वसाहतीविरुद्ध हरकत घ्यायची ठरवली, तेव्हा कागद माझ्याकडेच येणार हे मी धरून चालले होते.

गाव घिवलीजवळचं, किनाऱ्यावरचं. बोईसरला कारखाने वाढले, माणसं वाढली आणि त्यांच्या घरांसाठी गावामागचं मैदान रहिवासी विभागात घालण्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. सोबतच्या नकाशात मैदानावर ‘पडीक’ असं लिहिलं होतं. त्याच मैदानावर दिवाळीपासून उन्हाळा सरेपर्यंत गावातल्या बायका बोंबील सुकवायच्या. बांबू रोवायचे, आडवे दोर ताणायचे आणि त्यावर जोडीजोडीने बोंबील अडकवायचे, ही झाली वलांडी. प्रत्येकीची जागा ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. कागद मात्र कुणाकडेच नव्हता.

खरं सांगायचं तर मला त्या वसाहतीत दोन खोल्या हव्या होत्या. मी मनोरची, शाळेत शिकवणारी. लग्नाला चार वर्षं होऊनही वलांडीकडे फिरकले नव्हते. साडीला वास लागतो म्हणायची. सासूबाईंनी कधी आग्रह केला नाही. “हरकत तेवढी लिव,” एवढंच म्हणाल्या, आणि मी चांगली तीन पानं लिहिली. ‘पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट’ हे शब्द लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होते.

हरकतीवर पाहणीला नगररचना कार्यालयाचे साहेब आले ते श्रावणात. होड्या वर ओढलेल्या, वलांड्या उतरवलेल्या. आमच्या बायकांची शिस्त अशी, की बांबू उपटला की खड्डा वाळूने बुजवायचा, गुरांचा पाय अडकू नये म्हणून. मैदान इतकं नीट आवरलेलं, की गवताशिवाय तिथे काही दिसत नव्हतं. मोजणीवालेही पावसाळ्यातच येऊन गेले होते. ‘पडीक’ कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. आमचीच टापटीप आम्हाला नडली होती.

साहेबांनी अर्ज वाचला. “लिहिलंय झकास, बाई. पण ही वहिवाट दिसते कुठे?”

मी त्यांना अर्जाचं दुसरं पान उलटून दाखवू लागले. तेवढ्यात गर्दीतली सगळ्यात म्हातारी बाई पुढे झाली. “दाखवतो की, साहेब. चला गो, आपापल्या जागेवर उभ्या रा.”

बायका निघाल्या. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. बघता बघता मैदानावर सरळ रांगा उभ्या राहिल्या, दोघींमध्ये बरोबर एका वलांडीचं अंतर. साहेबांनी छत्री मिटली आणि पेन्सिल काढली. “जी उभी आहे तिच्या जागेवर खूण करतो. मागाहून कुरकुर चालणार नाही.”

सासूबाई घरी होत्या, घोट्याला प्लास्टर घालून. त्यांची जागा नकाशावर येणार नव्हती, आणि ती कुठे आहे ते त्यांच्या सुनेला, वहिवाटीवर तीन पानं लिहिणारीला, माहीत नव्हतं. त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली.

मग दुसऱ्या रांगेत मला मोकळी जागा दिसली. दोन्हीकडच्या बायकांना एकेक पाऊल सरकून ती सहज घेता आली असती. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यातली एक ओरडली, “मास्तरीणबाई, बघत काय रायलाव? तुमची जागा हाय ही, या ना!”

मी चिखलातून गेले आणि उभी राहिले. साहेब जवळ आले. “ही तुमची का?”

“आमची,” मी ठणकावून सांगितलं.

मैदान मासळी सुकवायला राहिलं. वसाहत वाणगावच्या बाजूला सरकली आणि माझ्या दोन खोल्याही तिच्याबरोबर गेल्या. पण त्या दुपारी घरी आले ती विजयी मुद्रेने. म्हटलं, “आई, तुमची जागा नकाशावर लागली.”

सासूबाई खाटेवर पाय लांब करून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“माझी कशी? उभी कोण होती?”